बारमधली बाई

"थांबा जरा. बाईचा घसा बसला हाय."

ड्युएटची फर्माईश आली आणि त्याला थोडा दम खायचा असला, की तो माईकवरून असं सांगायचा. टेबलांवर हशा पिकायचा. मग तो वेटरला खूण करून दोन कट चहा मागवायचा. एक स्वतःचा, एक बाईचा. स्वतःचा चहा तो दोन घोटांत संपवायचा. बाईचा मात्र बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायचा. कट चहाला बशी कुठून आणायची म्हणून वेटर कुरकुरायचे, पण त्याच्यापुरती एक बशी स्वयंपाकघरात वेगळी ठेवलेली असायची. चहा झाला की तो माईक उजव्या हातातून डाव्या हातात घ्यायचा, मान थोडी कलती करायचा आणि त्या रापलेल्या, मिशाळ तोंडातून एका बाईचा आवाज यायला लागायचा.

बाई कुठेच नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली.

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की लोहारा मागे पडता पडता डाव्या हाताला तो बार होता. तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्याने जात-येत असाल तर तुम्ही तो पाहिला असेल, आणि घरी विचारलं तर नाही म्हणाल. दारावर मण्यांचा पडदा, छताला प्लास्टिकची द्राक्षं, एका खोलीवर 'फॅमिली रूम' अशी पाटी. त्या खोलीत कधी कोणाची फॅमिली आलेली मी पाहिली नाही. तिथे कांद्याची पोती असायची. एका टोकाला पायरीएवढ्या उंचीचं सिमेंटचं स्टेज. त्यावर एक कॅसिओवाला, एक ढोलकवाला आणि हा.

मी त्या बारचा साऊंडवाला. माझं माईक-अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवेलागणीला मी दुकान भाच्यावर सोपवून बारमध्ये मशीनवर बसायचो. मी पीत नाही. बारमध्ये इतकी वर्षं काढली आणि पीत नाही असं सांगितलं, की लोक माझ्याकडे न बघता माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघतात. पण खरंच पीत नाही. मला नशा होती ती बटणांची. आवाजात इको किती टाकायचा, बास किती, ट्रेबल किती, हे माझ्या बोटांत होतं असा माझा समज होता. त्याच्या बाईचा अर्धा गळा त्याचा आणि अर्धा माझ्या इकोचा, असं मी चारचौघांत सांगायचो. तो ऐकून नुसता हसायचा.

त्याचं नाव सांगत नाही. तिथेही कोणी घेत नव्हतं. 'ए ड्युएट' म्हटलं की काम भागायचं. दारव्हा तालुक्यातल्या एका तांड्यावरचा तो गोर बंजारा. त्याच्या आज्याच्या काळात बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव नेणारी ही माणसं, आता आपापल्या तांड्यावर शेती करणारी. याच्या वाट्याला शेत आलं ते नावापुरतं. म्हणून नवराबायको लोहाऱ्याला खोली करून राहायला आले. मूल नव्हतं. दिवसा तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. दिवसभर नाकातोंडात कापूस गेलेला माणूस संध्याकाळी असा स्वच्छ कसा गातो, याचं आम्हाला नवल वाटायचं. त्याला विचारलं तर म्हणायचा, "कापूस मले जाते भाऊ, बाईले नाई जात."

बारमध्ये बाई नको हे मालकाचं पहिल्यापासूनचं. मालक देवभोळा माणूस. गल्ल्यावर उदबत्ती लावल्याशिवाय बाटलीचं बूच उघडू द्यायचा नाही. "आपल्याकडं गाणं ऐका, बाकीच्या भानगडी नाई पायजे," म्हणायचा. पण गिऱ्हाइकाला ड्युएट हवी असते. एकट्या पुरुषाचं गाणं तो घरी मोरीतही ऐकतो. तर एका संध्याकाळी फर्माईश आली तेव्हा यानं पुरुषाचं कडवं म्हटलं, आणि बाईच्या कडव्याला कॅसिओ नुसता वाजत राहील असं आम्ही धरून चाललो होतो, तेवढ्यात तो आवाज आला. कॅसिओवाल्याची बोटं थांबली. एका टेबलावरचा ड्रायव्हर उठून उभा राहिला आणि पडद्यामागे बघून आला. त्या दिवसापासून बार भरायला लागला.

तो आवाज कसा होता हे सांगणं अवघड आहे. नकलाकार बाईचा आवाज काढतात तो आपण ऐकलेला असतो, त्यात किनरेपणा असतो, ऐकणाऱ्याला हसू येतं. याच्या बाईला कोणी हसलं नाही. ती ओळीच्या शेवटी एक हुंदक्यासारखी अडखळ घ्यायची, आणि दिवसभर ट्रक चालवून आलेली दांडगी माणसं शेंगदाण्यांत हात तसाच ठेवून बसायची. हसायचं ते तो बोलताना. "बाई आज रागात हाय, सोलो घ्या." "बाईले गर्मी होऊन राह्यली, फॅन इकडं फिरवा." लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला एक फोरमन दोन पेग झाले की स्टेजपाशी यायचा आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "तुमच्या बाईले माह्याकडून विचारा ना, लगन करते का?"

हा माईक तोंडापासून बाजूला धरून तितकाच गंभीरपणे सांगायचा, "झालं हाय तिचं लगन."

आम्ही ते विनोदातच घेतलं.

मग तो प्रकार घडला. कापसाचा हंगाम होता. त्याचा साळा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, कापूस घालून टेम्पोनं परत चालला होता. बारशेजारच्या टायरवाल्याकडे टेम्पो थांबला. भिंतीपलीकडून गाणं येत होतं. आपल्या मेव्हण्याचा आवाज त्यानं ओळखला, आणि त्याला लागून येणारा बाईचा आवाजही ऐकला. एकदा तो, एकदा ती. शेवटी शेवटी तर दोघं अशी ओळीला ओळ जोडत होती की कानाला फट सापडू नये. आत यायला त्याला लाज वाटली. त्यानं टायरवाल्याला विचारलं, "हे रोज गातात का?" टायरवाला म्हणाला, "रोज."

चार-दोन दिवसांनी साळा तांड्यावरची दोन माणसं घेऊन बारमध्ये शिरला. मण्यांचा पडदा त्यानं असा ओढला की दोन सर खाली आले.

"बाई कुठी हाय?"

मालक गल्ल्यावरून म्हणाला, "कोणती बाई?"

"जे याच्यासंगं गाते ते."

एक वेटर मोठ्यानं हसला आणि स्टेजकडे बोट दाखवून म्हणाला, "ओ पाव्हणे, बाई तं हेच हाय!"

सगळा बार हसला. आता तुम्हीच विचार करा. बहिणीच्या संसाराची काळजी घेऊन आलेला माणूस, समोर पन्नासेक प्यायलेले चेहरे, आणि सगळे दात काढून एकच गोष्ट सांगताहेत. त्याला ते खरं कसं वाटावं? तो स्वयंपाकघरात जाऊन आला. फॅमिली रूममध्ये कांद्याची पोती हलवून आला. मोरीचं दार उघडून आला. मग मधोमध उभा राहून म्हणाला, "लपवा, लपवा. समदे सामील हा तुमी."

"म्हणून दाखव ना लेका एक ओळ!" फोरमन ओरडला. "खेळ खलास!"

मी मशीनवरून त्याला खूण केली, आवाज वाढवून ठेवला. एक ओळ, फक्त एक ओळ म्हटली असती तर साळा वरमून, चहा पिऊन, हसत घरी गेला असता. पण यानं माईक स्टँडला लावला आणि खाली उतरून म्हणाला, "दादा, बसा. चहा घ्या."

साळा बसला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन तो बहिणीला घेऊन गेला. ती गेली आणि याच्या खोलीला कुलूप लागायला लागलं.

आम्ही त्याला काय कमी बोललो? कॅसिओवाला म्हणाला, "कायले बह्याडावानी उभा राह्यला बे?" मी म्हणालो, चल, आपण सगळे तांड्यावर जाऊ, मी मशीन घेतो, सगळ्यांसमोर गा. तो मान खाली घालून ऐकायचा आणि म्हणायचा, "राहू द्या भाऊ. बाई हाय म्हणतात, तं असू द्या."

मला तेव्हा त्याचा राग आला होता. हा भित्रा आहे, पुरुष असून बाईचा आवाज काढतो हे सासरी कळलं तर काय म्हणतील म्हणून घाबरला, असंच मी समजलो.

त्यानंतरची त्याची वर्षं मी जवळून पाहिली. माणूस एकटा पडला की तो आधी कपड्यांत दिसतो. बटण तुटलं की तुटलेलंच राहायचं. बार उघडायच्या कितीतरी आधी येऊन तो पायरीवर बसायचा. मालक म्हणायचा, "आबे, अजून झाडू नाई लागला." तर म्हणायचा, "खोलीवर गमत नाई." आमच्याकडे करमत नाही असं म्हणत नाहीत, गमत नाही म्हणतात. त्याच्या तोंडी तेव्हा तेवढा एकच शब्द असायचा. सगळ्यांत वाईट म्हणजे ड्राय डे. त्या दिवशी बार बंद, मग हा माझ्या दुकानात. मी एखादा स्पीकरचा बॉक्स उघडून बसलेला असायचो, आणि हा स्टुलावर बसून सोल्डरिंगचा धूर बघत राहायचा. बोलायचा नाही. दुकान बंद करायची वेळ झाली की म्हणायचा, "चालले का भाऊ?" जसं काही मी त्याला स्टेशनवर सोडून चाललोय.

दर दिवाळीला तो नवीन पातळ घेऊन तांड्यावर जायचा आणि हात हलवत परत यायचा. पातळ तिथे ठेवून घेत, बायको देत नसत. ती एकच विचारायची, बाई सोडली का? हा पातळ पुढे करायचा. मग ती आत निघून जायची.

आणि संध्याकाळी इकडे तोच डाव्या हातात माईक. ती गेल्यावर तर बाईचा आवाज आणखीच चढला होता. मी उगाच इको वाढवायचो. खरं म्हणजे त्याची गरज नव्हती.

बार एकदम बंद पडला नाही. आधी गाणं गेलं, मग बार गेला. आधी भिंतीवर मोठा टीव्ही आला. क्रिकेट लागलं की गाणं बंद. मग गिऱ्हाईक टेबलावर मोबाईल उभा करून आपापलं गाणं आपापलं ऐकायला लागलं. ढोलकवाला लग्नाच्या डीजेत गेला. डीजे म्हणजे काय, छातीत धडकी भरवायचं यंत्र, त्याला मी संगीत म्हणत नाही. शेवटी शेवटी हा आणि कॅसिओवाला दोघंच स्टेजवर बसायचे आणि कोणी फर्माईश करत नव्हतं. मालक थकला. मुलानं ठरवलं की इथे बी-बियाणं आणि खताचं दुकान काढायचं. ज्या दिवशी बंद झालं त्या दिवशी मालकानं स्टेजवर उदबत्ती लावली आणि रडला. टेबलखुर्च्या एका ढाबेवाल्यानं नेल्या. माझी मशीन मी घरी आणली.

तांड्यावरून निरोप आला तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात. साळा वारला होता. त्याच्या पोरांनी घर वाटून घेतलं, त्यात आत्याला कोणाच्या वाट्यात घालायचं असा प्रश्न आला. तिनं माणसाकरवी कळवलं, "ते बाई सोडली असन तं मी येते."

तो निरोप घेऊन हा माझ्या दुकानात आला. स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला.

"काय सांगू भाऊ? सोडली म्हणू, का नव्हतीच म्हणू?"

मी म्हणालो, "सोडली म्हणा आणि मोकळे व्हा. घरात माणूस येते. अजून काय पायजे?"

"खोटं बोलून आणू तिले?"

"मग नव्हतीच म्हणा."

"नव्हती म्हटलं तं मानन का? तिच्या भावानं कानानं ऐकलं हाय." त्यानं पुढ्यातल्या उघड्या बॉक्सवर हात फिरवला. मग म्हणाला, "तुमची मशीन एक दिवस द्या. तिले इथं आणतो. बारमधी तं तिनं पाय नसता ठेवला. पण आता ते बार नाई राह्यलं ना."

दोन शब्द बोलून बायको घरी येत होती. ते सोडून हा खरं दाखवायला निघाला. मी त्याला परत एकदा सांगून पाहिलं, पण त्याचं ठरलं होतं.

मालकाच्या मुलाकडून किल्ली आणली. खतांची पोती अजून यायची होती. वीज तोडलेली, म्हणून मी बॅटरी, अॅम्प्लिफायर आणि एक बॉक्स रिक्षात घालून आणला. सकाळची वेळ. अर्धं शटर वर केलं तर आत ऊन आलं, आणि छताची प्लास्टिकची द्राक्षं धुळीनं पांढरी झालेली दिसली. मी ती इतकी वर्षं लाल बल्बातच पाहिली होती.

ती दारव्ह्याच्या जीपमधून उतरली. एकटीच. कपाळावर, हनुवटीवर गोंदण, साधं पातळ, हातात पिशवी. पिशवी बऱ्यापैकी भरलेली होती, हे मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. राहायच्या तयारीनं आली होती. शटरखालून वाकून ती आत आली आणि चारी भिंतींकडे बघत म्हणाली, "इथंच?"

"हाओ," तो म्हणाला.

खुर्ची नव्हती. मी बाटल्यांचं एक रिकामं क्रेट उलटं करून दिलं. ती त्यावर बसली. तो स्टेजवर चढला, मी मशीन सुरू केली. जुनी सिनेमातली एक ड्युएट त्यानं घेतली. पुरुषाचं कडवं ती खाली मान घालून ऐकत होती. बाईचं कडवं सुरू झालं तशी तिनं मान वर केली. पण तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती बॉक्सकडे बघत होती. मग उठली, बॉक्सच्या मागे जाऊन पाहून आली, स्टेजच्या मागे पाहून आली. भावाचीच बहीण ती.

परत येऊन मला म्हणाली, "भाऊ, हे मशीन बंद करा."

मी बंद केली. रस्त्यावरून ट्रक जात होते, तेवढाच आवाज.

"आता म्हणा," ती त्याला म्हणाली.

त्यानं तेच कडवं पुन्हा म्हटलं. इको नाही, बास नाही, काही नाही. आणि तो आवाज जसाच्या तसा होता. बारीक, पण सगळाच्या सगळा. इतकी वर्षं मी ज्याची अर्धी मालकी सांगत होतो त्यात माझं काही नव्हतं, हे मला तिथे कळलं.

ती त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली होती. त्याच्या गळ्याकडे बघत होती. ओळीच्या शेवटची ती अडखळ आली, आणि तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"हे कुठून आणलं तुमी?"

तो माईकची वायर गुंडाळायला लागला.

"बोला ना."

तो स्टेजच्या काठावर बसला, डोळे मिटले आणि सिनेमाचं सोडून त्यांच्या गोरबोलीतलं काहीतरी म्हणायला लागला. शब्द मला कळले नाहीत. लांबच लांब ओळ आणि शेवटी तोच हुंदका. मला एवढं माहीत होतं, की बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी तांडा सोडताना एकेकाच्या गळ्यात पडून सूर लावून रडते. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. म्हाताऱ्या बायका पोरींना तो शिकवतात. पुरुष तो म्हणत नाहीत.

दोन ओळी झाल्या आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"हे माहं हाय," ती म्हणाली.

"हाओ."

"लगनातलं."

"हाओ. तू रडून राह्यली व्हती, मी मांडवाच्या बाहेर उभा व्हतो. तवापासून कानात हाय. दुसरी बाई मले येतच नाई." आणि मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "दादाले त्या दिवशी काय सांगू भाऊ? तुमच्या बहिणीचं रडणं बारमधी गाऊन राह्यलो, म्हणून सांगू? त्याच्यापरीस बाई हाय म्हणतात ते बरं व्हतं."

मी त्याला भित्रा समजत होतो.

ती परत क्रेटवर बसली. बराच वेळ पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं मला विचारलं, त्याला नाही, "भाऊ, लोक टाळ्या वाजवत व्हते का?"

"वाजवत व्हते, वहिनी."

"रोज?"

"रोज."

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग नव्हता. पण जे काही होतं ते क्षणभरच टिकलं. ती उठली आणि पिशवी हातात घेतली.

"माह्या याडीनं शिकवलं व्हतं मले," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "म्हणे, पोरी, एकदाच म्हणायचं राह्यते हे. घर सुटते त्या दिवशी. मंग परत तोंडातून काढायचं नाई." ती त्याच्याकडे वळली. "तुमी रोज म्हणलं. मंग मी जाणारच व्हती ना?"

तो खाली उतरला. "नाई म्हणत आता. आजपासून नाई म्हणत. चाल घरी."

"इतके वर्स त्या बाईले शिव्या देल्या म्या. तिचे हात झडो म्हटलं, तिचा गळा सडो म्हटलं." तिचा आवाज फुटला. "मले वाटलं व्हतं, बाई असन, म्हातारी झाली असन, गेली असन. मंग मी येईन. पण हे तं तुमच्या गळ्यातच हाय. कधी बी निघन. तुमी म्हणलं का मले जा लागन."

"नाई निघत. सांगतलं ना."

"पाहू," ती म्हणाली.

ती शटरखालून वाकून बाहेर गेली. आम्ही दोघं मागोमाग गेलो. दारव्ह्याची जीप यायला वेळ लागला. तोवर ती रस्त्याच्या कडेला उभी, आणि हा तिच्यापासून थोडा दूर, दोघं गाडीच्या वाटेकडे तोंड करून. मी काहीतरी बोलायला हवं होतं, दोघांना समजवायला हवं होतं. पण मला वाटलं, ती जे बोलली त्यात खोडून काढण्यासारखं काय आहे? जीप आली. चढायच्या आधी तिनं त्याच्या शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बटणं लावून घ्या." मग ती गेली.

ती आली नाही. तांड्यावर भाच्याच्या घरामागे तिला एक खोली काढून दिली, असं ऐकलं. हा दिवाळीला जायचा. ती चहा द्यायची, बोलायची, हसायचीसुद्धा म्हणे. पण निघताना "पाहू" म्हणायची. त्याला त्या एका शब्दाचा आधार झाला. तो मला विचारायचा, "भाऊ, पाहू म्हणजे नाई तं नाई ना?" मी म्हणायचो, नाही, पाहू म्हणजे पाहू.

आता तो इथे नाही. झरी जामणीकडे कुठल्याशा रोपवाटिकेत राखणदार म्हणून गेला आहे. तिथे फोन लागत नाही. एवढ्या जंगलात हा माणूस कसा राहत असेल, ज्याला लोहाऱ्याच्या खोलीवर गमत नव्हतं, याचा विचार मी करत नाही. केला की मला गमत नाही. त्या बारच्या जागी खताचं दुकान जोरात चाललं आहे. स्टेजवर युरियाची थप्पी असते.

मी त्याला शेवटचं ऐकलं ते तो जायच्या थोडं आधी. एका मास्तरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता, मशीन माझी, कॅसिओवाला आमचाच जुना. त्यानं याला मुद्दाम बोलावून घेतलं. जमलेल्यांत बारचं एखादं जुनं गिऱ्हाईक असावं. त्यानं ड्युएटची फर्माईश केली, आणि नको म्हणायच्या आत कॅसिओवाल्यानं सुरुवात केलीसुद्धा. यानं पुरुषाचं कडवं म्हटलं, छान म्हटलं. बाईचं कडवं आलं. तिचा आवाज बारीक, म्हणून तिथे मी नेहमी व्हॉल्यूम वाढवायचो. बोटांनी आपोआप वाढवला. तो माईक तोंडाशी धरून, ओठ घट्ट मिटून उभा होता. बायको तिकडे तांड्यावर होती. त्यानं शब्द पाळला का मोडला, हे तिला कळवणारंही तिथे कोणी नव्हतं. कॅसिओ एकटाच वाजत होता आणि हॉलमधले लोक एकमेकांकडे बघत होते. एकजण मला ओरडून म्हणाला, "माईक बंद पडला वाटते!"

माईक चालू होता. बाईच्या त्या सगळ्या ओळीभर बॉक्समधून त्याचा श्वास ऐकू येत होता. मी व्हॉल्यूम कमी केला नाही.